तीट

टॉडमॉर्डनमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
शेडमधला बल्ब लावते, गुडघ्यांखाली पोतं घेते
आणि बीएसएखालचा पुठ्ठा ओढून बघते.
परवा डाग रुपयाएवढा होता,
आज पुरीएवढा. कडेला फुगलेला.

सदुसष्ट सालचं इंजिन. माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
मिसेस सटक्लिफनी विकताना काही लपवलं नाही:
"हार्वे गेल्यावर दोन वर्षं कुणी किक मारली नाही.
तेल सांडतं. सांडायचंच.
सांडलं नाही तर समज, संपलं."

मी गॅस्केट बदललं.
मग दुसरं गॅस्केट.
लाल सीलंट चोपडलं, नखांत चार दिवस राहिलं,
फार्मसीत गिऱ्हाइकाला गोळ्या देताना
तो लाल रंग आधी मला दिसे, मग त्याला.
बोल्ट आवळले. आणखी आवळले.
एकाचे आटे गेले.

शेजारचा नॉर्मन, गिरणीतला जुना फिटर,
भिंतीवर कोपरं टेकून म्हणाला,
"गळणं वेगळं, रडणं वेगळं.
हे नुसतं रडतंय, बाई."
माझ्याकडे तिसरा शब्द होता, पाझर,
पण तो भिंतीपलीकडे द्यायचा कसा?
आणि वडील तर पान्यालाही पान्हाच म्हणायचे,
"चौदाचा पान्हा आण गं," मागाखालून हात यायचा
कोपरापर्यंत काळा.
इचलकरंजीत आम्हाला त्यात हसण्यासारखं
काही वाटलं नव्हतं.

नॉर्मननंच युक्ती सांगितली.
इंजिन रॉकेलनं धुतलं,
केस वाळवायच्या यंत्रानं वाळवलं,
कामावरून सवलतीत आणलेली बाळाची पावडर
फुंकून फुंकून लावली
फिन्सच्या खाचांत, नळ्यांच्या मानेत.
न्हाऊमाखू घातलेलं धूड,
तीट लावायची तेवढी राहिली.

किक. किक. तिसऱ्याला धरलं.
दहा मिनिटं शेडचं दार उघडं टाकून उभी राहिले,
धूर कालव्याकडे गेला.
आणि मग त्यानं आपली आपणच तीट लावली,
पुशरॉडच्या नळीखाली एक काळा ठिपका,
मग डाव्या सांध्यावर,
मग जिथं कालच नवं गॅस्केट बसवलं तिथंही.
एक जागा नव्हेच.
शिवण शिवण ओली.

आग रामेश्वरी.
तीन आठवडे मी बंब घेऊन सोमेश्वरी.

"श्वास बघ त्याचा," नॉर्मन म्हणाला.
मागच्या चाकाजवळ लोंबणारी रबरी नळी,
इंजिनानं आतली हवा सोडायची ती.
तोंड चिखलानं बंद.
इतकं नीट लिंपलेलं, की माणसाचं काम नव्हे.
कुंभारीण! मी मराठीत ओरडले,
नॉर्मनला इथली माशी सांगायची होती,
तिचं नाव वेगळं, पण हात तोच.
दोन वर्षं उभ्या गाडीत तिला
तयार नळी मिळाली होती भाड्याशिवाय.

सायकलच्या आऱ्यानं हळूहळू कोरलं.
एक पडदा, मग एक कप्पा, मग परत पडदा.
पाच कोश निघाले, तपकिरी, तेलानं जरा चिकट.
जिवंत की कसे, हलवून कळेना.
मी आवळत होते, ते गुदमरत होतं,
आणि मध्ये ही पाच जणं
दोघांचंही काही न ऐकता झोपलेली.

आज सकाळी पुठ्ठ्यावर एकच थेंब.
नॉर्मन म्हणतो, तेवढा असावा.
मी शेजारी तारीख लिहिली.

कोश गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेत,
झाकणाला टाचणीनं भोकं पाडून.
वर लेबल लावलंय, नेहमीच्या सवयीनं:
थंड जागी ठेवणे.
एप्रिलमध्ये उघडणे.